मोठ्याने वाचलेलं पत्र

जोहान्सबर्ग
३ नोव्हेंबर २००२

ताई,

मुळात माझं पत्र तपासायला तुला सांगितलं कोणी? तीन आठवडे वाट बघितली. म्हटलं, घरची खबर येईल, मका किती उरलाय ते कळेल. बसवाल्या लामेकने पाकीट हातात दिलं आणि फोडून बघतो तर माझंच पत्र परत! वर लाल शाईने एकवीस गोळे. म्हणे 'र'च्या जागी 'ल' लिहिला, 'ल'च्या जागी 'र' लिहिला. अगं, आपल्या अख्ख्या गावाच्या जिभेला र आणि ल एकच आहेत. आईसुद्धा प्रार्थना तशीच करते, देव काही तिची प्रार्थना लाल गोळे मारून परत पाठवत नाही.

माझ्या खोलीतल्या बिसेकने ते गोळे पाहिले. तो आपल्याच देशाचा, मुलांजे डोंगराच्या पलीकडचा, नात्यातला नाही पण एका ताटात जेवतो. तेव्हापासून कामावर सगळ्यांसमोर ओरडतो, "काय फायसन, आज किती गोळे?" परवा मी त्याला फावडं फेकून मारलं. नेम चुकला म्हणून त्याचा कान शाबूत आहे.

घरात शाळेत गेलेला मी आहे, हे विसरू नकोस. चार वर्षं गेलो. बाबांनी शेळी विकून मला गणवेश शिवला तेव्हा तू पाणी भरत होतीस. तुझा दोष नाही म्हणा. पण आता दोन वर्षं त्या बंद गिरणीच्या शेडमध्ये बसून तू माझी मास्तरीण झालीस, हे मी ऐकून घेणार नाही.

आणि कोण या तुझ्या टेमवाबाई? उत्तरेकडच्या, तुंबुका जमातीच्या. आपल्याला कधी न दिसलेल्या तलावाकाठच्या. पगार घेत नाहीत म्हणतेस, लिहायवाचायला फुकट शिकवतात, वर इंग्रजीही फुकट. मी इथे येऊन एवढं शिकलो की फुकट कोणी पाणीही पाजत नाही. तू लिहिलंस की त्यांच्या संस्थेने सायकल दिली, पिशवी दिली आणि दोन्हींवर दिव्याची लाल ज्योत काढलीय. ताई, ती ज्योत नाही, तो थेंब आहे. रक्ताचा. गेल्या महिन्यात आमच्या कामाच्या फाटकाशी पांढरी गाडी आली होती, तिच्यावर तस्साच. आत खाटेवर आडवं करतात, दंडाला रबर बांधतात, सुई टोचतात आणि नळीतून पिशवी भरून रक्त नेतात. बदल्यात चार बिस्किटं आणि गोड सरबत. मी दिलं, सरबतासाठी दिलं. त्याआधी नाव, गाव, वय सगळं वहीत उतरवून घेतात. तुझ्या बाईही घेतात ना? विचार त्यांना, आमची नावं कुठे पाठवता म्हणून.

बाकी इथे काल मुकादमाने मोझांबिकच्या एकाचे दात फावड्याच्या दांड्याने पाडले. दोन दात वाळूत पडले. मुकादम म्हणाला थांबू नका, म्हणून तसेच सिमेंटात कालवले. कुठल्यातरी साहेबाच्या जिन्यात गेले असतील.

ग्रेशमदादाला आणि आईला सांग मी बरा आहे. आणि हे पत्र तपासलंस तर पुढचं येणार नाही.

फायसन


नामुलेंगा
२४ नोव्हेंबर २००२

फायसन,

मी तपासलेलं नाही. माझ्याही चुका असतील, असू देत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अंगणात माणसं होती. दादाचे मित्र होते, शेजारच्या बायका होत्या. जोनीचं, म्हणजे जोहान्सबर्गचं पत्र म्हटलं की सगळे येतात, तुला माहीत आहे. पत्र वाचलं गेलं. मोठ्याने वाचलं गेलं. थेंबाचं वाक्यही वाचलं गेलं.

तुला तिकडे कसं कळणार? इकडे दोन महिने झाले, लोक म्हणतात रक्त ओढणारे फिरताहेत. भुकटी फुंकतात, माणूस झोपला की नळी लावतात. आपल्याकडे मका संपला. आम्ही कच्चे आंबे उकडून खातो, कोंडा शिजवतो. भुकेने माणूस वाटेतच कोसळतो आणि कोसळला की म्हणतात, याचं रक्त ओढलं.

गेल्या सोमवारी पलीकडच्या गावात मीठ विकणाऱ्याला दगडांनी मारलं. त्याच्या टोपलीत सायकलची ट्यूब सापडली होती. मी बाजारातून येत होते. तो वाटेत पडला होता. त्याला तोंड राहिलं नव्हतं. मीठ लोकांनी ओंजळी भरून नेलं होतं, सांडलेलं तेवढं लाल झालं होतं.

आता बाईंच्या पिशवीत काय काय आहे त्याची गावात बोलणी चालतात. खडूची भुकटी आहे. लाल शाईची बाटली आहे. हवा भरायचा पंप आहे, त्याला नळी आहे. आमच्या नावांची वही आहे. आधी हे सगळं लोक रोज बघत होते, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

मी दादाला म्हटलं, "अरे, ती ज्योत आहे. दिव्याची."

तो म्हणाला, "अक्षरं वाचता येतात म्हणून आता चित्रंही वाचायला लागलीस का? फायसनने स्वतःचं रक्त दिलंय. तो जोनीत राहतो. त्याला कळतं का तुला?"

तोच आता पोरांची टोळी घेऊन वाटा अडवतो. कुदळींचे दांडे काढून हातात घेतलेत. वर्गात आम्ही बावीस बायका होतो, चार राहिलो. काल बाईंच्या पाठीत दगड बसला. मी म्हटलं, "बाई, जा तुम्ही आपल्या घरी." त्या म्हणाल्या, "एनिफा, पळाले तर ते खरं ठरेल. आणि तुमचा भागाकार राहिलाय."

फायसन, मी दादाच्या पाया पडले. शेवटी तो एवढं म्हणाला, "त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं की खोटं लिहिलं, तर मानतो. जोनीचं पत्र येईपर्यंत थांबतो." सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणून लिही. दादाच्या नावाने लिही की माझ्यावर चिडून लिहिलं होतं. दोन ओळी पुरेत. र आणि ल कसेही असू देत. बाईंचा जीव त्या दोन ओळींवर आहे.

लामेकची गाडी जोनीहून रविवारी निघते आणि बुधवारी इथे पोचते. चुकवू नकोस.

एनिफा


जोहान्सबर्ग
८ डिसेंबर २००२

ताई,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे येडे झालात का? चेष्टा कळत नाही? दादाला सांग चेष्टा होती. तू सांगितलंस की झालं, वेगळं पत्र कशाला?

आणि नीट विचार कर. एका परक्या बाईसाठी मी गावासमोर खोटारडा ठरू? उद्या म्हणतील, फायसन जोनीला जाऊन थापा मारतो, त्याचे पैसेही थापाच असतील. मामा माझ्यासाठी मुलगी बघतोय, ती बोलणी तिथेच मोडतील. मीठवाल्याचं वाईट झालं, पण बाई शिकलेल्या आहेत, संस्थेच्या आहेत, त्यांना कोण हात लावतोय? मका यायला लागला की लोकांना काही आठवणार नाही.

नाताळचा पगार झाला की दादाला लिहीन. इकडेही वातावरण बरं नाही. आमच्या वस्तीच्या भिंतींवर लिहिलंय, परक्यांनो, चालते व्हा. बिसेक म्हणतो, "परके म्हणजे कोण रे? आपण तर इथे वीट वीट रचली."

लामेक हॉर्न वाजवतोय.

फायसन


जोहान्सबर्ग
६ जानेवारी २००३

ताई,

कागद सिमेंटच्या पिशवीचा आहे, चालवून घे. वही जळाली, खोली जळाली. सतरा डिसेंबरला भर दुपारी आमची वस्ती पेटवली. मी पोलीस ठाण्याच्या मागच्या पटांगणात तंबूत आहे, तीनशे माणसांत. आजच कोणीतरी पेन दिला.

कामावर सुट्टी होती. आम्ही मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होतो, वाळवलेली मासळी तळायला टाकली होती. आधी शिट्ट्या ऐकू आल्या. मग पत्र्यावर काठ्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा गल्ली दोन्हीकडून भरली होती. त्यांतले अर्धे ओळखीचे. एकजण ज्याच्याकडे आम्ही ब्रेड घ्यायचो तो. कोण कुठला, कसं ओळखायचं? आमचे चेहरे आणि त्यांचे चेहरे सारखेच. मग ते आपलं कोपर दाखवतात आणि विचारतात, "याला काय म्हणतात?" त्यांच्या भाषेत सांगायचं. इंडोलोलवाने. आलं तर तू इथला. नाही आलं तर पुढचं कोणी विचारत नाही.

पहिला मोझांबिकचा तो, दात पाडलेला. त्याला शब्द येत होता गं. पण दात नाहीत, तोंडातून हवाच आली. त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. मी लाकडं फोडताना तो आवाज ऐकलाय, तसाच.

मग बिसेकला विचारलं. चार वर्षं झाली त्याला इथे, मुकादमाला त्यांच्याच भाषेत शिव्या घालतो. पण त्या माणसाने कोपर पुढे केलं आणि बिसेकच्या तोंडातून आपलाच शब्द निघाला, चिगोंगोनो. आईने शिकवलेला. तो पुढे काही बोलणार होता. बोलू दिलं नाही. गुडघ्यावर आणला आणि मारायला लागले.

मी पळालो. पत्रे ओलांडून, नाल्यातून. बिसेकने तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जीव सोडला. त्याच्या नावाची चिठ्ठीही नव्हती म्हणे पायाला, नंबर होता.

ताई, तंबूत आलो तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं. घामाने पुसलंय, पण मला पाठ झालंय. आता मला समजलं गर्दी आली की काय होतं. शिकलेली आहे, संस्थेची आहे, कोणी थांबत नाही. सोबत दादासाठी वेगळा कागद ठेवलाय. त्यात हे लिहिलंय:

'ग्रेशमदादा, मी फायसन स्वतःच्या हाताने लिहितो. टेमवाबाईंबद्दल मी लिहिलं ते खोटं. ताईने माझ्या चुका काढल्या म्हणून तिला बोचावं म्हणून लिहिलं. इथल्या गाडीतलं रक्त बाळंतपणात रक्त गेलेल्या बायकांना देतात. नर्सने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मला माहीत असून लिहिलं. बाईंना कोणी हात लावू नका. हात लावायचा तर मी येईन तेव्हा मला लावा.'

हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. उशीर नाही ना झाला? दादा थांबलाय ना?

फायसन


नामुलेंगा
२२ जानेवारी २००३

फायसन,

पत्र मिळालं. मोठ्याने वाचलं नाही.

बाईंना बारा डिसेंबरला मारलं. गुरुवार होता. तुझं आठ तारखेचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं.

आता मी तुला सगळं लिहिते. मागच्या वेळी मी लिहिलं की पत्र वाचलं गेलं. वाचलं मी. मला अजून तुझ्यासारखं मनात वाचता येत नाही. आमच्यापैकी कोणालाच येत नाही. आम्ही बोट ठेवतो, अक्षरं जुळवतो, तोंडाने म्हणतो आणि म्हटलेलं कानावर पडलं की मग कळतं काय लिहिलंय. त्या दिवशी दादा म्हणाला, "वाच की, एवढी शिकलीस ना." अंगणात सगळे होते. मला मिरवायचं होतं. मी 'ती ज्योत नाही, तो थेंब आहे' असं खणखणीत म्हटलं. 'रक्ताचा' हेही म्हटलं. मग मला कळलं मी काय म्हटलं. तोवर ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

बुधवारी लामेकने तुझं दुसरं पत्र दिलं तेव्हा दादा माझ्या आधी गाडीपाशी उभा होता. वीस-पंचवीस जण होते. तो म्हणाला, "घे. वाच. काय म्हणतो तो?" मी पाकीट फोडलं. पहिली ओळ वाचली आणि बघितलं की दादाच्या नावाचा कागद नाही. मग मी खोटं वाचायला लागले. म्हटलं, 'दादा, मी खोटं लिहिलं, बाई चांगल्या आहेत.' पण माझं बोट जागच्या जागी थांबलं होतं आणि तोंड पुढे चाललं होतं. दादाला अक्षर येत नाही, पण दोन वर्षं त्याने मला चुलीपुढे वाचताना बघितलंय. त्याने माझं मनगट धरलं.

"बोट कुठे आहे तुझं?" म्हणाला.

मी बोट हलवलं. मग तोंड बंद पडलं. दोन्ही एकदम जमेना.

तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघा. बाईने माझ्या बहिणीच्या तोंडात दुसरेच शब्द घातलेत."

मी त्याच पावली बाईंकडे गेले, चला म्हटलं, आत्ता चला. त्या म्हणाल्या, सकाळी वर्ग घेते, बायकांना सांगते आणि दुपारच्या गाडीने जाते. न सांगता जाणार नाही.

सकाळी ते शेडवर आले. आम्ही चौघी आत होतो. त्यांनी पिशवी जमिनीवर उलटी केली. लाल शाईची बाटली फुटली. शाई सिमेंटवर पसरली तशी मागून कोणीतरी ओरडलं, "रक्त! रक्त सांडलं!" मी ओरडले, शाई आहे, बोट बुडवून कपाळाला लावलं, बघा म्हटलं, शाई आहे. कोणी बघत नव्हतं. बाई उभ्या राहून एकेकाला नावाने हाक मारत होत्या. सगळ्यांची नावं त्यांना येत होती. ते त्यांच्या बाजूने गेलं नाही. एकजण म्हणाला, "हिला आमची नावं कशी माहीत?"

दांड्याचा पहिला तडाखा गुडघ्यांवर बसला. त्या खाली बसल्या. मी त्यांच्यावर पडले. माझ्या डाव्या हातावर बसलेल्या तडाख्याने हाड मोडलं, त्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मग मला लुगडं धरून ओढून बाजूला टाकलं. ओढणारा दादाच होता. त्यांनी खडूचा खोका बाईंच्या तोंडात रिकामा केला, म्हणाले, "फुंक आता." त्या खोकत होत्या, पांढरं आणि लाल एकत्र येत होतं. मग बाहेर ओढलं आणि दगड सुरू झाले. पहिला दादाने मारला नाही. दुसराही नाही. तिसरा दादाने मारला. मी बघत होते. मध्येच त्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. आमच्यापैकी कोणाला ती भाषा येत नाही. शेवटी सायकल पेटवून त्यांच्या अंगावर टाकली. वही त्यातच गेली.

पोलिसांनी नऊ जणांना नेलं, दादालाही. तुझं पहिलं पत्र आमच्या घरात सापडलं, ते त्यांच्याकडे आहे. चोवीस फेब्रुवारीला झोम्ब्याच्या कोर्टात मला बोलावलंय.

आता ऐक. मामा इथे येऊन बसलाय. घरातलं त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. तो म्हणतो, "सांग, मला वाचता येत नाही. कागदावर अंगठा उठव. दोन वर्षांपूर्वी खरंच येत नव्हतं ना? मग खोटं काय आहे त्यात? पत्र वाचायला घरात कोणी नाही, म्हणजे पत्र कोणी वाचलंच नाही, म्हणजे ग्रेशमच्या मनात आधीपासून काही नव्हतं. गर्दी होती, गर्दीत तो होता. सुटेल पोरगा. नाहीतर फाशी आहे, एनिफा."

मी म्हटलं, "आणि बाई?"

मामा म्हणाला, "बाई मेल्या. त्यांना काय फरक पडतो? तुला मात्र या अंगणात राहायचंय."

आई माझ्या ताटात पातळ पेज वाढते आणि दादाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसते.

वही जळाली, तीन बायका घाबरून बोलत नाहीत. मी वर्गात होते हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही. लामेक म्हणतो, बाईंची आई उत्तरेहून येणार आहे, दोन दिवसांचा प्रवास करून. ती बाकावर बसलेली असेल आणि मी तिच्यासमोर म्हणायचं की तिच्या मुलीने मला काही शिकवलं नाही.

दादाने मला लहानपणी पाठीवर घेऊन नदी ओलांडलीय. तुलाही. तू सांग मी काय करू.

मामाने सांगितलंय म्हणून लिहिते, वकिलासाठी दोन हजार रँड पाठव.

एनिफा


जोहान्सबर्ग
९ फेब्रुवारी २००३

ताई,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग संडासात जाऊन वाचलं, कारण तंबूत रडायला जागा नाही. माझं पत्र अकरा डिसेंबरला पोचलं होतं, बाईंना मारलं त्याच्या आदल्या दिवशी. तू लिही म्हणालीस, मी हॉर्न ऐकत बसलो. यावर आता काही लिहीत नाही. काही लिहिलं तरी ते मला सोडवण्यासाठीच होईल.

पण मीही तुला एक खोटं लिहिलंय. मी पळालो नाही.

बिसेकला गुडघ्यावर आणल्यावर त्यांनी मला विचारलं. माझ्या जिभेवर तो शब्द होता, कारण गेल्या वर्षी माझं कोपर मोडलं तेव्हा दवाखान्यातली बाई पंधरा दिवस तेच बोलत होती. मी बरोबर सांगितलं. मग तो ब्रेडवाला माझ्याकडे बघून हसला. त्याला माहीत होतं मी कुठला ते. त्याने माझ्या हातात वीट दिली. "आमचा आहेस ना?" म्हणाला. "मग मार."

बिसेकने माझ्याकडे बघितलं. नुसतं 'फायसन' म्हटलं असतं तरी मी संपलो असतो, आपल्याकडचं नाव ते लगेच ओळखतात. त्याने नाव घेतलं नाही. तोंड मिटून घेतलं. दिवसभर माझ्या नावाने गल्लीत बोंबलणारा माणूस.

मी वीट मारली. खांद्याला लागली. ते हसले, बाईसारखा मारतो म्हणाले. म्हणून मी दुसरी उचलली. ती मला कोणी दिली नव्हती.

दवाखान्यात मी तिन्ही दिवस गेलो, फाटकापर्यंत. आत गेलो नाही.

ताई, इथे मला कोणी कोर्टात बोलावणार नाही. पोलीस रोज तंबूत येतात, नाव विचारतात, देश विचारतात, तू काय केलंस हे कोणी विचारत नाही. मी वाट बघतो आणि विचारतच नाहीत. मला वाटतं, एकदा विचारलं असतं तर मी बोललो असतो, पण माझा काय भरवसा. मी दोन ओळी लिहू शकलो नाही.

तुला विचारणार आहेत. तर तू सांग. सांग मला वाचता येतं. कोणी शिकवलं ते सांग, पूर्ण नाव घेऊन सांग, टेमवा लुहांगा, आणि त्यांच्या आईकडे बघून सांग. पत्र हातात दिलं तर सगळं वाच, सरबताचं वाच, खाली माझं नाव आहे तेही वाच. मी माहीत असून खोटं लिहिलं, मागचा सिमेंटच्या पिशवीचा कागद त्याला पुरावा आहे. तो दादासाठी लिहिला होता, आता जजसाहेबांना दे. मला न्यायला आले तर मी तंबू क्रमांक एकोणीसमध्ये आहे.

दादाचं काय होईल मला माहीत आहे. त्याने मला पाठीवर घेतलं होतं तेही आठवतं, त्याच्या मानेला घामाचा आणि तंबाखूचा वास यायचा. तरी सांग. मामा तुला अंगणात राहू देणार नाही. तिथून निघावं लागेल, कुठे जायचं ते मला सुचत नाही, सुचलं तर लिहीन. आईला दोष देऊ नकोस.

मामाला म्हणावं, वकिलासाठी फायसनकडे पैसे नाहीत. आहेत, मुकादमाने मागचा पगार दिला. पण त्यासाठी नाहीत.

लामेकला मी आज स्वतः भेटून पाकीट देतोय आणि त्याच्याकडून शपथ घेतलीय की तो ते मामाच्या नाही, तुझ्याच हातात देईल. त्यात नामुलेंगा ते झोम्बा तुझ्या एकटीचं जाण्यायेण्याचं गाडीभाडं आहे आणि दोन दिवसांचं जेवण. एकशे तीस रँड.

फायसन